लिहिणारा एक, गाणारा एक

मराठीतला ‘शाहीर’ आणि उर्दूतला ‘शायर’ हा मुळात एकच अरबी शब्द. मराठीत आल्यावर त्याचे काम मात्र बदलले. शायर स्वतःची गझल मुशायऱ्यात स्वतःच ऐकवतो आणि मक्त्यात आपला तखल्लुस गुंफतो. शाहीरही शेवटच्या कडव्यात आपले नाव घालतो, पण त्याला डफ लागतो, मागे झील धरणारे लागतात, समोर गर्दी लागते. त्याचे गाणे एकट्याचे नसते. लोकांच्या तोंडी बसणारे गाणे कसे तयार होते हे समजून घ्यायचे तर सिनेमाच्या आधी या फडाकडे जायला हवे.

उत्तर पेशवाईत दोन फडांची चढाओढ गाजत होती. एक होनाजी-बाळाचा. होनाजी गवळी लावण्या रचायचा, बाळा करंजकर त्या गायचा. लोकांनी ही नावे अशी जोडली की पुढे पुष्कळांना तो एकच माणूस वाटला. १९५१ चा ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट याच जोडीचा. दुसरा फड सगनभाऊंचा. सगनभाऊ मुसलमान, जेजुरीचे, धंदा शिकलगाराचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा. होनाजींचे नाव जितके घेतले जाते तितके त्यांचे घेतले जात नाही, याची मला खंत आहे. लावणीच्या अखेरीस त्यांनी स्वतःचे नाव गुंफून ठेवले नसते तर कदाचित तेवढेही उरले नसते.

लिहिणारा एक आणि गाणारा एक, ही जोडी दीडशे वर्षांनी पुन्हा जमली. १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभे राहिले. त्यात द. ना. गवाणकर होते, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे होते आणि बार्शीचे अमर शेख. अमर शेखांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बसवर क्लीनर, मग गिरणी कामगार, संपामुळे तुरुंग, असा त्यांचा प्रवास. गाण्याची पहिली शाळा म्हणजे आई मुनेरबी, त्यांच्या ओव्या आणि लोकगीते. ‘तुमची मराठी छान आहे हो’ हे वाक्य मराठवाड्यातल्या माझ्यासारख्या बहुतेक मुसलमान शिक्षकांनी कधी ना कधी ऐकलेले असते. कौतुकच असते ते, पण त्यात थोडे आश्चर्यही असते. मुनेरबींचे नाव मी तेव्हा सांगतो. त्या घरात मराठी बाहेरून आणावी लागली नव्हती, ती ओव्यांतूनच मिळाली होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंनी ‘माझी मैना गावावर राहिली’ लिहिले आणि अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ते सभेसभेत नेले. ही छक्कड आहे, लावणीच्याच घरातली. जुन्या लावणीत बहुधा बाई विरहाने बोलते, धनी मोहिमेवर गेलेला असतो. अण्णा भाऊंनी बोलणारा बदलला. इथे पोटासाठी मुंबईला आलेला गडी बोलतो, गावी राहिलेल्या बायकोच्या रूपाचे वर्णन करतो, निघतानाचा प्रसंग सांगतो, मुंबईतली परवड सांगतो. गिरणगावात समोर बसलेल्या किती जणांची बायको गावीच होती! म्हणजे चाल ओळखीची, दुःखही ओळखीचे. ऐकणारा पुरता गुंतल्यावर शेवटी कवी म्हणतो की मैनेची ताटातूट झाली तशीच महाराष्ट्राची झाली आहे, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात. राजकारण आधी आणि मैना नंतर आली असती तर ते भाषणच झाले असते, आणि भाषण कोण गुणगुणतो? आम्हाला बीएडला पाठाचे टाचण काढताना ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र घोकायला लावले होते. ते मला खरे समजले ते या गाण्यात.

परभणीला या गाण्याचा अर्थ जरा वेगळा लागतो. आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला. आपण आत आलो, बेळगाव-कारवार मात्र बाहेर राहिले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तरी गाण्यातली ती नावे काही पुसता आली नाहीत.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला अपघातात गेले. दोघांमध्ये सहा आठवडे. आता मोबाइलवर मैना फिरते तेव्हा कधी एकाचे नाव असते, कधी दुसऱ्याचे, कधी कुणाचेच नसते. शाळेत महाराष्ट्र दिनाला मुले ती म्हणतात, तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या हातात मी आधीच चिठ्ठी देतो. तिच्यावर दोन नावे असतात, लिहिणाऱ्याचे आणि गाणाऱ्याचे.