नंबर कुणाचा?

२०११ सालच्या जानेवारीत मी मुंबईत एका मोबाइल कंपनीच्या कामावर होते. हुद्दा कागदावर मोठा होता, सिस्टम इंटिग्रेशन इंजिनियर. प्रत्यक्षात काम होतं एक भलीमोठी एक्सेल शीट सांभाळायचं. डाव्या बाजूला देशातल्या सगळ्या फोन कंपन्या, वरच्या ओळीत कॉलचे आणि मेसेजचे प्रकार, आणि मधल्या शेकडो चौकोनांत एकेक शब्द भरायचा, ‘पास’ किंवा ‘फेल’. २० जानेवारीपासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येणार होती. हरयाणात ते २५ नोव्हेंबर २०१० लाच सुरू झालं होतं. आता आमची पाळी होती.

त्या शीटमधल्या एका चौकोनात मी चाचणी न करता ‘पास’ लिहिलं. ती गोष्ट सांगायचीच आहे, पण त्याआधी नंबर म्हणजे काय ते थोडं मागे जाऊन बघायला हवं. नाहीतर मी नेमकं काय बिघडवलं ते कळणार नाही.

मुंबई, कोलकाता आणि मद्रासमध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली १८८२ साली. तेव्हा नंबराला फारसं महत्त्व नव्हतं. रिसीव्हर उचलायचा, ऑपरेटरला सांगायचं, आणि तो माणूस हाताने एक वायर दुसऱ्या भोकात खुपसायचा. कोण कुठे राहतो ते त्याच्या डोक्यात असायचं. म्हणजे पहिला डेटाबेस हा माणूसच होता.

हा माणूस मधून काढला अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर नावाच्या गृहस्थाने. तो कॅन्सस सिटीमध्ये अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. त्याच्याकडे येणारे फोन ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता अशी आख्यायिका आहे. खरीखोटी काहीही असो, १८९१ साली त्याला स्वयंचलित स्विचचं पेटंट मिळालं, आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात तसं एक्स्चेंज चालू झालं. त्यात तुम्ही आकडा फिरवला की तितके विजेचे ठोके तारेतून जात आणि एक लोखंडी दांडा तितक्या पायऱ्या चढे. पुढच्या आकड्याला तो आडवा फिरे. शेवटी तो ज्या टोकाला टेकेल, तो तुमचा मित्र.

म्हणजे साध्या स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये नंबर हा अक्षरशः पत्ता होता. अमुक खोली, अमुक रॅक, अमुक पायरी. त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत घर बदललं तर वायरमन वायर हलवून तोच नंबर देऊ शकायचा. हद्द ओलांडली की नवीन नंबर. आमच्या आजोबांची बदली झाली की आजी जुन्या डायरीतले सगळे नंबर खोडून बसायची. नातेवाईक तेच, आकडे वेगळे.

मग एसटीडी आली. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये ऑपरेटरशिवाय थेट कॉल लागला. इथे एक नवाच प्रश्न उभा राहिला. एका शहरातलं यंत्र दुसऱ्या शहरातल्या यंत्राशी बोलणार कसं? दोन्हीकडची यंत्रं वेगळ्या वर्षी घेतलेली, वेगळ्या बनावटीची, वेगळ्या सवयींची. मधे कुणीतरी दुभाष्या लागतो. सोल्यूशन आर्किटेक्ट वगैरे शब्द फार नंतर आले, पण काम तिथूनच सुरू झालं: जुनं फेकून न देता नव्याला त्याच्याशी बोलतं करायचं.

फेकून देणं परवडत नाहीच. टेलिफोनचं जाळं कुणी कधी कोऱ्या कागदावर काढत नाही. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी छोटं डिजिटल एक्स्चेंज बनवलं. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिलं बसलं. एअर कंडिशनर नसला तरी चालणारं, कपाटाएवढं. त्याच्या पोटात लोखंडी दांडे नव्हते, सॉफ्टवेअर होतं. नंबर आता पायरी राहिला नाही, तक्त्यातली एक नोंद झाला. पण हेच एक्स्चेंज वरच्या गावातल्या जुन्या यंत्राला जोडायचं, तर त्याला जुन्या भाषेत बोलावं लागे. नव्यानेच जुन्याची भाषा शिकायची, हा या धंद्यातला नियम आहे. उलटं सहसा होत नाही.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना मोबाइलवर फोन केला. भारतातला हा पहिला मोबाइल कॉल. त्या दिवशी नंबर जागेपासून सुटला. तुमचं सिमकार्ड बघा. त्यात तुमची खरी ओळख म्हणून एक वेगळाच, पंधरा आकडी क्रमांक असतो. भारतात तो ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. तुम्ही लोकांना देता तो दहा आकडी नंबर कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत त्या पंधरा आकड्यांपुढे लिहिलेला असतो. म्हणूनच सिम हरवलं तरी नव्या सिमवर जुना नंबर मिळतो. नोंदवहीत एक ओळ बदलते, एवढंच.

जागेपासून सुटला, पण कंपनीपासून नाही. मुंबईत ९८२० किंवा ९८२१ ने सुरू होणारा नंबर बघितला की कंपनी ओळखता यायची. यंत्रंही तेच करायची. प्रत्येक एक्स्चेंजमध्ये एक तक्ता असे: सुरुवातीचे आकडे अमुक, तर कॉल तमुक कंपनीकडे पाठव. देशभरातल्या हजारो यंत्रांमध्ये हे पक्कं बसलेलं होतं. २०११ मध्ये आम्हाला सांगितलं गेलं की हे गृहीतक आता खोटं आहे.

मार्ग दोन होते. पहिला सोपा: कॉल जुन्या कंपनीकडेच जाऊ द्यावा आणि तिने तो नव्या कंपनीकडे ढकलावा. पोस्टमन जुन्या घरी पत्र टाकतो आणि जुना घरमालक ते पुढे पाठवतो, तसं. पण जुना घरमालक कायम चांगुलपणाने वागेल कशावरून? आणि त्याने घरच विकलं तर? भारताने दुसरा, अवघड मार्ग निवडला. कॉल जिथून सुरू होतो, तिथेच आधी चौकशी करायची. हा नंबर आज कुणाकडे आहे? त्यासाठी देशाचे दोन भाग करून दोन क्लिअरिंग हाउस नेमली गेली. ती पोर्ट झालेल्या नंबरांची यादी सगळ्या कंपन्यांना पाठवतात. प्रत्येक कंपनी आपल्याकडे तिची प्रत ठेवते, कॉल करण्यापूर्वी ती बघते, आणि नंबराच्या पुढे नव्या कंपनीचा एक सांकेतिक क्रमांक जोडून कॉल रवाना करते.

हा निर्णय किती शहाणपणाचा होता ते २०१८ मध्ये कळलं. एअरसेल बंद पडली आणि तिच्या ग्राहकांनी आपापले नंबर घेऊन दुसऱ्या कंपन्या गाठल्या. कॉल जुन्या घरावरून जात असते, तर घर पडल्यावर ते नंबरही गेले असते.

अवघड भाग असा की चौकशी करायला यंत्राला यायला हवी. तालुक्याच्या ठिकाणची कित्येक लँडलाइन एक्स्चेंज जुनी होती, त्यांना ती येत नव्हती. उपाय ठरला की त्यांनी मोबाइलचे सगळे कॉल वरच्या मोठ्या एक्स्चेंजकडे द्यावेत आणि चौकशी तिथे व्हावी. कागदावर चोख.

माझ्या शीटमध्ये अशा एका एक्स्चेंजचा चौकोन रिकामा होता. चाचणीसाठी त्या गावात कुणीतरी लँडलाइनवर बसायला हवं होतं आणि तसं कुणी मिळत नव्हतं. पलीकडचा इंजिनियर फोनवर म्हणाला, “मॅडम, वरच्या एक्स्चेंजवरून केलंय आम्ही, चालतंय. खालचं सगळं तिथूनच जातं.” पटण्यासारखं होतं. रात्रीचे दोन वाजले होते. मी ‘पास’ लिहिलं आणि खाली सही केली.

तीन आठवड्यांनी एक तक्रार आली. तालुक्याच्या दवाखान्यातल्या लँडलाइनवरून एक बाई मुलाला फोन लावत होत्या. नवऱ्याला छातीत दुखतं म्हणून दाखल केलं होतं. मुलाने दोनच दिवसांपूर्वी आमची कंपनी सोडून दुसरी घेतली होती. प्रत्येक वेळी तोच रेकॉर्ड केलेला आवाज, हा क्रमांक अस्तित्वात नाही. आमच्या नोंदींत त्या फोनवरून नऊ प्रयत्न दिसत होते. पहिला दुपारी साडेतीनला, शेवटचा रात्री पावणेअकराला. मुलाचा मोबाइल पूर्ण वेळ चालू होता. तो दुसऱ्या दिवशी पोचला, एका शेजाऱ्याने कळवल्यावर.

शोधल्यावर कारण सापडलं. काही वर्षांपूर्वी आमच्याच कंपनीने त्या एक्स्चेंजशी थेट जोडणी करून घेतली होती, कारण तिथून आमच्या नंबरांवर बरेच कॉल येत. आमच्या आकड्यांनी सुरू होणारा कॉल वरच्या एक्स्चेंजकडे जातच नव्हता. तो त्या आडवाटेने थेट आमच्याकडे यायचा, चौकशीशिवाय. आणि आमच्या नोंदवहीतून तो नंबर आम्ही नियमाप्रमाणे काढून टाकला होता. आमच्या दृष्टीने तो खरोखर अस्तित्वात नव्हता. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. एक फोन लावून बघितला असता तर हे तीन आठवडे आधीच सापडलं असतं.

मला कुणी रागावलं नाही. अहवालात ‘जुन्या मार्गाची नोंद उपलब्ध नव्हती’ असं वाक्य आलं. ते खरंही होतं. तो मार्ग कुठल्याच नकाशात नव्हता, फक्त यंत्रात होता. पण सही माझी होती, आणि त्या चौकोनात माझा शब्द खोटा होता.

३ जुलै २०१५ पासून नंबर घेऊन देशात कुठेही जाता येऊ लागलं. महाराष्ट्रातला नंबर आसामात. डिसेंबर २०१९ पासून एकाच सर्कलमध्ये हे काम तीन कामाच्या दिवसांत होतं. तुम्ही १९०० वर मेसेज पाठवता, कोड येतो, नवीन सिम घेता आणि एके रात्री थोडा वेळ नेटवर्क जातं. दरम्यान नंबराचं वजन मात्र बदललं. २०११ मध्ये आम्ही फार तर कॉल चुकण्याची काळजी करत होतो. आज त्याच नंबरावर बँकेचा ओटीपी येतो, यूपीआय चालतं, रेशनपासून परीक्षेच्या फॉर्मपर्यंत सगळं त्याला बांधलेलं असतं. हे ओझं त्याच्यावर येईल असं गृहीत धरून ती रचना कुणी केली नव्हती. आम्ही फक्त एक पत्ता हलता केला होता. लोकांनी त्याचं नाव करून टाकलं.

आता मी आर्किटेक्ट आहे. नकाशे काढते, तरुण मुलंमुली चाचण्या करतात. जोडणीचं कुठलंही काम असलं की मी त्यांना दोन गोष्टी विचारते. पहिली, जाळ्यातलं सगळ्यात जुनं यंत्र कोणतं? दुसरी, तिथे जाऊन तुमच्यापैकी कुणी स्वतः फोन लावला का? ती एकमेकांकडे बघतात, कारण लँडलाइन त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी नीट हातातही धरलेली नसते. मग कुणीतरी गाडी काढतं आणि जातं. रात्री फोन वाजतो, पलीकडून खरखरीत आवाज येतो, “मॅडम, लागला.” तेव्हा मी चौकोनात शब्द लिहिते.