तासाभराचा भूतकाळ

संगणकावर मजकूर बदलून सेव्ह केला की जुना मजकूर कुठे जातो? बहुतेक फाईल सिस्टिममध्ये जुन्याची जागा यथावकाश नव्याला मिळते आणि विषय संपतो.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऑस्टरहाऊट यांनी डिस्क रोजकीर्दीसारखी वापरून पाहिली. खोडाखोड नाही, प्रत्येक बदल पुढच्या कोऱ्या जागेत. इतिहास जपणं हा हेतू नव्हताच, वेग हवा होता. अमेरिकेतल्याच बेल लॅब्जची प्लॅन ९ सिस्टिम मात्र रोज पहाटे पाचला सगळ्या फाईलींची स्थिती एकदाच लिहिता येणाऱ्या तबकड्यांवर उतरवून ठेवी. तिथे पुसण्याची सोयच नव्हती.

जपानच्या एनटीटी या टेलिफोन कंपनीने २००५ साली निल्फ्स आणली आणि २००९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती लिनक्समध्ये सामील झाली. ती दर काही सेकंदांनी आपोआप एक चेकपॉइंट टाकते. हे किती काळ टिकतात? सेटिंगमध्ये आकडा असतो ३६०० सेकंद, म्हणजे एक तास. पण ही मुदत नव्हे, हमी आहे. तासाच्या आत सफाईचा प्रोग्राम हात लावत नाही. तासानंतरही तो जागा होतो ते डिस्कची मोकळी जागा १० टक्क्यांखाली गेल्यावर, आणि २० टक्के झाली की थांबतो. डिस्क ऐसपैस असेल तर महिन्यांपूर्वीचा चेकपॉइंटही सापडतो.

हवा तो चेकपॉइंट आपण स्नॅपशॉट म्हणून खुणावला, तर खूण काढेपर्यंत तो राहतो. ही विभागणी मला प्रामाणिक वाटते, कारण हजारो क्षणांतला कोणता मोलाचा हे यंत्राला कळत नाही. (डिस्कच बिघडली तर स्नॅपशॉटही गेले, हे वेगळं.)

अम्मी जुन्या आठवणी सांगते, मी टिपून घेते. अलीकडे एका नातेवाईकाचं नाव तिने काढायला लावलं. फाईलमधून ते गेलं. रमजानपूर्वीच्या स्नॅपशॉटमध्ये मात्र होतं, म्हणून मी त्याची खूण काढली. आता तो साधा चेकपॉइंट आहे, पण डिस्क अर्धी रिकामी असल्याने सफाई सुरू झालेली नाही. तो हुकूम हातानेही देता येतो. मी अजून दिलेला नाही.