घरातील बैठक आणि घराचा वारसा : शिरढोण ते लंडन

१/
पनवेलहून गोवा महामार्गाने निघाले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच गावी झाला. त्यांचे जन्मघर आज स्मारक म्हणून जपले जाते. अशा प्रत्येक घरापुढे एक प्रश्न असतो : ते केवळ पाहण्यासाठी राखावे, की तेथे माणसांनी पुन्हा जमावे?

२/
व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत (१८३७ ते १९०१) महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा बराचसा आरंभ घरांच्या माजघरांत आणि दिवाणखान्यांत झाला. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेच्या बैठका गुप्त असत. तेथे जातिबंधने मोडून सहभोजन होई. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विखुरली. बंद दार हेच तिचे कवच होते.

३/
तोच विचार पुढे उघडपणे मांडला गेला, तोही एका घरातूनच. ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाजाची स्थापना डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या निवासस्थानी झाली. मोजक्या माणसांची खासगी बैठक ही त्या काळी करमणूक नव्हती. नव्या विचाराला मिळालेले ते पहिले छप्पर होते.

४/
फडक्यांचा प्रवास उलट दिशेने झाला. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करीत असतानाच त्यांनी जाहीर व्याख्याने दिली. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्याचा त्यांनी निषेध केला. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ आला. उघड भाषणांकडून ते गुप्त मेळाव्यांकडे वळले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये बंड सुरू झाले. त्याच वर्षी मे महिन्यात दौलतराव नाईकांच्या टोळीने पनवेलजवळच्या पळस्पे व चिखली येथे छापे घातले. जुलैमध्ये फडके पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

५/
ज्या १८७५ मध्ये पुण्यात ही व्याख्याने गाजत होती, त्याच वर्षी ‘पंच’ साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिन्ली सॅम्बोर्न लंडनमधील १८, स्टॅफर्ड टेरेस या घरात राहावयास गेले. त्यांच्या वंशजांनी ते घर फर्निचरसह जवळजवळ जसेच्या तसे राखले. विसाव्या शतकाच्या मध्यास व्हिक्टोरियन वास्तू कुरूप ठरवून पाडल्या जात होत्या. तेव्हा सॅम्बोर्न यांची नात अ‍ॅन यांनी याच घरी निवडक मंडळी जमवली आणि १८५८ नव्हे, तर थेट शंभर वर्षांनी, १९५८ मध्ये, येथेच ‘व्हिक्टोरियन सोसायटी’ जन्मास आली. एका खासगी बैठकीने एका युगाच्या वास्तूंना वकील मिळवून दिला. आज ते घर संग्रहालय आहे.

६/
अशा घर-संग्रहालयांत मोजक्या पाहुण्यांचे समारंभ भरवून देखभालीचा खर्च भागवण्याची रीत ब्रिटनमध्ये रुळली आहे. भारतात मात्र केंद्र-संरक्षित स्मारकांसाठी १९५९ चे नियम आहेत. त्यांनुसार केंद्र शासनाच्या लेखी परवानगीवाचून स्मारकात सभा, स्वागतसमारंभ, मेजवानी, परिषद वा करमणुकीचा कार्यक्रम करता येत नाही. रूढ धार्मिक प्रथांना त्यातून सूट आहे. राज्य-संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे.

७/
हा प्रश्न किती नाजूक आहे, हे सप्टेंबर २०१९ मध्ये दिसले. राज्यातील काही किल्ले पर्यटनासाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या धोरणाची बातमी आली आणि ‘गडांवर लग्नाचे मांडव पडणार’ या कल्पनेनेच संतापाची लाट उसळली. शिवकालीन इतिहासाशी निगडित किल्ले त्यात नाहीत, असा खुलासा शासनाला करावा लागला.

८/
संताप समजण्याजोगा होता; परंतु त्यातून ‘कोणीच जमू नये’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. गड आणि घर यांत फरक आहे. घर माणसांच्या वावरासाठीच बांधलेले असते, आणि वावर थांबला की गळके छप्परही लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. त्याचबरोबर जुन्या लाकडी तुळयांना गर्दीचा भार, मांडवाचे खिळे आणि स्वयंपाकाचा धूर सोसत नाही. म्हणून कसोटी दुहेरी हवी : वास्तूला किती माणसे पेलतील, आणि जमण्याचे कारण त्या घराच्या इतिहासाशी नाते सांगते काय?

९/
शिरढोणसारख्या घरात वीस-पंचवीस तरुणांनी बसून १८७९ चा दुष्काळी महाराष्ट्र समजून घेणे, ही त्या कसोटीला उतरणारी बैठक होय. परमहंस सभेला दार लावून घ्यावे लागले होते. आज ते उघडे ठेवता येते.