सोळा आण्यांचा छेद

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात मांजरेकाठची काळी, कसदार जमीन आणि बालाघाटाच्या पठारावरील हलकी, बरड जमीन या दोहोंची नोंद एकाच तहसिलीच्या दफ्तरात होत आली आहे. आणि दुष्काळाच्या साली यांपैकी कोणाचे अधिक बुडाले हा प्रश्न सरकारदरबारी उभा राहतो, तेव्हा अपूर्णांकांचा लहानमोठेपणा ठरविण्याचे जे गणित प्राथमिक शाळेत मुलांना घालतात, तेच थोरांपुढेही येऊन ठाकते. समजा, काळ्या रानात एकरी बारा मण ज्वारी यावयाची तेथे पाचच मण आली, आणि बरड रानात आठ मण यावयाची तेथे साडेतीन मण. धान्य पहिल्याच्या घरात अधिक आले खरे. परंतु अपेक्षेच्या मानाने पदरात किती पडले हे पाहू जाता, पहिल्याचे पीक सहा आणे आठ पै आणि दुसऱ्याचे सात आणे भरते. अधिक नाडला गेला तो पहिलाच. या रीतीस आणेवारी म्हणतात, आणि तिचे कूळ महसुली कागदांच्या फार मागे जाते.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त भिन्नांची बेरीज-वजाबाकी करण्यापूर्वी समच्छेद करून घेण्याचा विधी सांगितला आहे, आणि दोन छेदांना साधारण भाजक असल्यास त्याने आधी अपवर्तन करून घ्यावे, म्हणजे छेद विनाकारण फुगत नाही, ही सूक्ष्म सोयही तेथेच दिली आहे. 

व्यवहारास मात्र दर वेळी नवा समच्छेद करण्याची सवड नसते. म्हणून त्याने तो एकदाच करून ठेवला. मोडी हिशेबात पाव म्हणजे एक उभा दंड, निम म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. सर्वांचा छेद चारच असल्याने थोरलेपण डोळ्यांनाच दिसे. रुपयाचे आणे सोळा आणि आण्याच्या पै बारा केल्यामुळे हा सामाईक छेद १९२ पर्यंत वाढला, आणि त्यात तीनाचा भाग असल्यामुळे तिसरा हिस्साही पाच आणे चार पै असा निःशेष निघू लागला. दोन तृतीयांश मोठे की पाच अष्टमांश, याचे उत्तर वाण्याच्या पोरालाही तोंडी देता येई : दहा आणे आठ पै, आणि नुसते दहा आणे. कळंबकरांना तर हे गणित निजामी अमलात विशेषच घोकावे लागले असले पाहिजे. कारण गावात चलन निजामाच्या हाली सिक्क्याचे आणि शेजारची बार्शीची पेठ मुंबई इलाख्यातली, म्हणून इंग्रजी कलदार रुपयाची. आणि शंभर कलदारांस हाली रुपये ११६, आणे १०, पै ८ असा अधिकृत दर होता, जो उलगडून पाहिला तर सहास सात एवढाच निघतो.

हाच सोळा आण्यांचा छेद महसुलाने पिकाला लावला, आणि अंकगणितातील एका रीतीवर रयतेचे जगणे येऊन ठेपले. मुंबई इलाख्यात चार आण्यांच्या आत पीक असल्यास साऱ्याची पूर्ण तहकुबी मागता येई, आणि १९१८ चा खेडा जिल्ह्यातील सत्याग्रह पीक चार आण्यांच्या वर की खाली याच वादातून पेटला. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. आणेवारीची पैसेवारी झाली, छेद शंभर झाला, आणि पन्नास पैशांची मर्यादा टंचाईच्या निर्णयात बोलू लागली. या बदलाने हिशेब सुकर झाला, पण पूर्वी निःशेष निघणारा तिसरा हिस्सा आता तेहतीस पैशांवर अडून राहतो.

माझ्या मते आणेवारीचे खरे मर्म अंशात नसून छेदात आहे. अंश शिवारात, पीककापणीच्या वेळी, सर्वांच्या डोळ्यांदेखत मोजला जातो. छेद, म्हणजे प्रमाण उत्पन्न, कागदावर ठरते, आणि ते वाजवीपेक्षा कमी धरले तर बुडालेले पीकही मर्यादेच्या वर चढून बसते. त्यातून पैसेवारी गावास एकच लागते, तेव्हा काळ्या रानाचे सहा आणे आठ पै आणि बरड रानाचे सात आणे यांची सरासरी होऊन, दोघांचाही खरा अपूर्णांक कागदावर उरत नाही.