काकांची करडं आणि कुन्नूरचे उंदीर

लोणारला लोक उल्कापातानं झालेलं विवर बघायला जातात. मी मात्र गेलो की काकांच्या गोठ्यात रमतो. गेल्या दिवाळीत गेलो तर तिथे वेगळाच विषय चालू होता. शेजाऱ्यांनी कुठलंसं नवं पशुखाद्य आणलेलं आणि "करडं दुपटीनं वाढतात" असा त्यांचा दावा. काका वर्षभराची पोती एकदम घ्यायच्या बेतात होते. म्हणजे सोयाबीनच्या पैशातला मोठा हिस्सा त्यात जाणार!

"काका, त्यांनी ते कुठल्या करडांना घातलं?" मी विचारलं.

"दांडग्या करडायले! मरतुकड्याले महागाचं कोन घालते बाप्पा?"

झालं. आमच्यातला इंजिनियर जागा झाला :)

तर मंडळी, हीच चूक एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाली होती. १९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरमध्ये ६७ शाळांतली सुमारे २०,००० मुलं घेऊन एक प्रयोग झाला. निम्म्यांना रोज दूध, निम्म्यांना नाही. चार महिन्यांनी कोण किती वाढलं ते बघायचं. कुणाला दूध द्यायचं हे आधी चिठ्ठ्या किंवा आडनावाच्या अक्षरांवरून ठरलं. पण गट समतोल वाटले नाहीत तर मुलांची अदलाबदल करायची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकच ते! समोरचं हडकुळं पोर बघून त्यांनी त्याचं नाव दुधाच्या यादीत घातलं असणार. परिणाम असा की दूध न मिळणारी मुलं सुरुवातीलाच जास्त उंच आणि वजनदार होती.

ही चूक १९३१ साली ठळकपणे मांडली विल्यम गॉसेट यानं. हा डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होता आणि 'स्टुडंट' या टोपणनावानं लिहायचा. कॉलेजात आपण जी टी-टेस्ट घोकली ती याचीच, १९०८ सालची. त्यानं आणखी एक गंमत दाखवली. पहिलं वजन फेब्रुवारीत झालं, शेवटचं जूनमध्ये, आणि दोन्ही कपड्यांसकट. सधन मुलांचे जाड कपडे उन्हाळ्यात उतरले, गरिबांकडे उतरवायला फारसं नव्हतंच! त्याचा उपाय साधा होता. एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या, प्रत्येक जोडीत नाणं उडवा. खर्च अगदी थोडा आणि उत्तर जास्त भरवशाचं.

आता आपल्याकडे या. १९२० च्या दशकात निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन हा डॉक्टर उंदरांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या लोकांचा आहार घालत होता. सात आहार, प्रत्येक गटात २० उंदीर. सरासरी वजनं निघाली ती अशी: शीख २३५ ग्रॅम, पठाण २३०, मराठा २२५, गुरखा २००, कानडी १८५, बंगाली १८०, मद्रासी १५५. गट करताना वय, वजन आणि नर-मादीचं प्रमाण सारखं ठेवलं होतं, म्हणजे लॅनार्कशायरपेक्षा काम नीट होतं. पुढे याच प्रयोगशाळेतून हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली.

आपला नंबर तिसरा म्हणून वाईट वाटून घेऊ नका. उंदरा-उंदरांत २५ ग्रॅमचं प्रमाण विचलन आहे असं समजू. मग २०-२० च्या दोन गटांच्या सरासरीतला फरक नुसत्या योगायोगानंही ८ ग्रॅमच्या आसपास हलतो. म्हणजे शीख आणि मराठा यांच्यातले १० ग्रॅम फार मनावर घेण्यासारखे नाहीत. शीख आणि मद्रासी यांच्यातले ८० मात्र खरेच. पण मॅककॅरिसन तिथे थांबला नाही. त्यानं या क्रमाचा संबंध त्या त्या लोकांच्या शरीरयष्टीशी आणि कर्तबगारीशीही जोडला. उंदरांनी याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं!

सरासरीभोवतीचा हा पसारा आयुष्यभर हाताळलेला माणूस आपल्याच मातीतला होता. पां. वा. सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. वि. गो. पानसे यांच्याबरोबर त्यांनी शेतीसंशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली आलं आणि कृषी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं. पुढे पुण्यातच त्यांचा वि. म. दांडेकरांशी वाद झाला. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली माणशी रोज २,२५० कॅलरींवरून दारिद्र्याची रेषा आखली होती. सुखात्मे म्हणत, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, त्यामुळे सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी मोजू नका. दांडेकरांना ते पटलं नाही. प्रश्न होता देशात उपाशी किती, आणि उत्तर पसारा किती धरता यावर अवलंबून!

असो. काकांकडे वळू. शेळ्यांना जुळी होतात, ही तर गॉसेटची आयती सोय. काका आणि शेजारी मिळून जुळ्यांच्या आठ जोड्या जमल्या. प्रत्येक जोडीत छापा-काटा. एकाला नवं खाद्य, दुसऱ्याला नेहमीची ढेप. संध्याकाळी वेगवेगळं बांधून खायला घालायचं, नाहीतर भावंडं एकमेकांचं फस्त करतात. वजन सकाळी, उपाशीपोटी.

नव्वद दिवसांनी जोडीतले फरक आले (नवं वजा जुनं, किलोत): २, -१, १, ०, ३, -१, २, ०. सरासरी पाऊण किलो. प्रमाण विचलन साधारण दीड किलो, म्हणून सरासरीची प्रमाण त्रुटी ०.५३. टी आला १.४३, हवा होता २.३६. म्हणजे खरा परिणाम अर्धा किलो तोट्यापासून दोन किलो फायद्यापर्यंत कुठेही असू शकतो. "दुपटीनं" तर नाहीच.

फोनवर सांगितलं तर काका म्हणाले, "मंजे तुले बी माहीत नाही!"

"नाही काका. अजून जोड्या लागतील."

काकांनी वर्षभराची पोती घेतली नाहीत. दोनच घेतली, पुढच्या वेताच्या करडांसाठी. आणि नाणं कुठलं उडवलं होतं, हेही विचारून ठेवलं.