व्यायामाच्या राइडमध्ये मोबाइलची जागा

पहाटे सायकल काढून विष्णुपुरीच्या धरणापर्यंत किंवा विद्यापीठापर्यंत जाऊन येणारे नांदेडकर, राष्ट्रीय महामार्ग ३६१ धरून लोह्याच्या दिशेने लांब जाणारे, आणि लातुरातून औसा किंवा रेणापूर गाठून परतणारे, या सगळ्यांपुढे एक छोटा पण खरा प्रश्न असतो. मोबाइल ठेवायचा कुठे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: हँडलला होल्डर लावायचा आणि त्यात अडकवून द्यायचा. मोटारसायकलवर सगळीकडे तेच दिसते, म्हणून सायकलवरही तेच आले. माझ्या मते ओळखीच्या रस्त्यावरच्या व्यायामासाठी हे उत्तर चुकीचे आहे. का, ते नीट तपासून पाहू.

जागा ठरवण्याआधी काम ठरवावे लागते. राइडमध्ये मोबाइलची कामे चार: रस्ता दाखवणे, अंतर आणि वेग नोंदवणे, गाणी किंवा फोन ऐकवणे आणि अडचणीत मदत बोलावणे. रोजच्या रस्त्यावर पहिल्या कामाची गरजच नसते. दुसरे काम खिशातूनही होते. कापडातून आणि शरीराच्या आडूनही उपग्रहांचे संकेत पुरेसे मिळतात, शिवाय मराठवाड्याच्या उघड्या माळावर वरचे आभाळ मोकळेच असते. तिसरे काम मी रस्त्यावर नकोच म्हणेन. गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागून येतात. त्यांचा आवाज कानाला आधी कळला पाहिजे. उरले चौथे काम. ते वर्षात एकदाच, कदाचित कधीच पडणार नाही. पण पडेल तेव्हा बाकी तिन्ही कामे त्यापुढे शून्य ठरतील.

मोबाइलची जागा या चौथ्या कामावरून ठरवायला हवी, आणि तसे ठरवले की पहिला निकष आपोआप हाती येतो: अपघातानंतर मोबाइल माणसाजवळ असला पाहिजे. सायकलस्वार पडतो तेव्हा तो आणि सायकल बहुधा एका जागी राहत नाहीत. सायकल साइडपट्टीखालच्या चारीत आणि माणूस डांबरावर, असे होऊ शकते. पाय किंवा कंबर दुखावली असेल तर पाच-सहा मीटरवर हँडलला लटकलेला मोबाइल असून नसल्यासारखा.

हँडलवर ठेवण्याचा दुसरा तोटा नजरेचा. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास सात मीटर. वेग किती झाला हे पाहायला दोन सेकंद मान खाली घातली तर चौदा मीटर रस्ता न पाहता पार होतो. काळ्या मातीच्या मुलखात हे विशेष धोक्याचे आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचे डांबर त्या हालचालीबरोबर खचते, उचलले जाते, कडेने तुटते. परवा सपाट असलेल्या जागी आज लाट असू शकते. पांढरे पट्टे पुसलेले गतिरोधक गावोगावी आहेतच.

तिसरा मुद्दा धक्क्यांचा, आणि तो जरा सविस्तर पाहण्याजोगा आहे. आजच्या पुष्कळ मोबाइलांत कॅमेऱ्याचे भिंग घट्ट बसवलेले नसते. हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून ते बारीक स्प्रिंगांवर तरंगते ठेवलेले असते आणि चुंबकांच्या साहाय्याने क्षणोक्षणी हलवले जाते. ही रचना हाताच्या सौम्य कंपासाठी केलेली असते, तासन्‌तासाच्या खडखडाटासाठी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या ग्राहकांना तसा जाहीर इशाराच दिला: मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलवर आयफोन थेट जोडू नका, कंपनांनी कॅमेऱ्याची ही यंत्रणा बिघडू शकते, लहान स्कूटरवर लावायचाच असेल तर कंप शोषणारा माउंट वापरा.

सायकलला इंजिन नसते, त्यामुळे ठराविक वेगाची सततची थरथर तिच्यात नसते आणि धोका त्या प्रमाणात कमी आहे, हे मान्य करायला हवे. पण रोड सायकलला सस्पेन्शनही नसते. बारीक, कडक हवा भरलेले टायर रस्त्याचा प्रत्येक खडा हँडलपर्यंत पोचवतात. सिमेंटच्या रस्त्यावर साधारण साडेचार मीटरला एक सांधा धरला, तर ताशी २५ च्या वेगात सेकंदाला दीड, म्हणजे तासाला साडेपाच हजार ठोके बसतात. होल्डरच्या पकडीचेही तेच. दोनशे ग्रॅमच्या मोबाइलला खड्ड्यात पाचपट धक्का बसला तर पकडीवर त्या क्षणी किलोभर ओढ येते. एक-दोन वेळा ती टिकते. शेकडो धक्क्यांनी स्क्रू ढिला होतो, रबर चपटे होते आणि एखाद्या दिवशी मोबाइल सुटतो. हँडलच्या उंचीवरून, म्हणजे मीटरभरावरून, खाली पडताना त्याला ताशी १६ किलोमीटरचा वेग मिळतो. त्यात पुढे जाण्याचा २५ चा वेग मिसळला की तो सुमारे ३० च्या वेगाने रस्त्यावर आदळतो, आणि मागून काही येत असेल तर त्याच्या चाकाखाली जातो.

एक बारीक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. बाजूने चावणाऱ्या होल्डरचा जबडा नेमका आवाजाच्या किंवा पॉवरच्या बटणावर बसतो. रस्त्याच्या धक्क्यांनी ते बटण आपोआप दाबले जाते. कधी आवाज बंद होतो, कधी चुकून तातडीचा कॉल लागतो. होल्डर वापरणाऱ्याने मोबाइल बसवल्यावर कडेने बोट फिरवून जबडा आणि बटण यांत जागा आहे का, ते पाहावे.

आता ऊन. अनेक मोबाइलांसाठी वापरताना भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे, अशी मर्यादा सांगितलेली असते. आयफोनसाठी ॲपलने ती ० ते ३५ अशी दिली आहे. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशीच्या वर असतो. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेडहून बऱ्याच उंचीवर आहे, म्हणून तिथे थोडा उतार मिळतो, पण दुपार तिथेही कडकच. हँडलवरच्या मोबाइलला थेट ऊन लागते. उन्हात दिसावा म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला असतो, लोकेशन आणि इंटरनेट चालू असते. या सगळ्याची आतली उष्णता वेगळीच. सायकल चालू असताना वारा थोडे गार करतो. चहाला थांबलात आणि सायकल उन्हात उभी राहिली की तोही थांबतो, मग पडद्यावर तापल्याची सूचना येते आणि मोबाइल स्वतःला बंद करून घेतो. लिथियम बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते, हे नुकसान तर दिसतही नाही. पारदर्शक खिडकीची फ्रेमवरची पिशवी या बाबतीत उघड्या होल्डरहूनही वाईट, कारण प्लास्टिकखाली ऊन शिरते आणि वारा लागत नाही.

याच्या तुलनेत पाठीवरचा खिसा पाहा. माणसाचे शरीर घाम गाळून स्वतःला सदतीस अंशांच्या आसपास ठेवते, त्वचा त्याहून थोडी थंडच असते. बंद पडद्याचा, अंगाला लागून असलेला मोबाइल मे महिन्यातही उन्हातल्या मोबाइलइतका तापत नाही.

अंगावर ठेवायचा ठरला तरी प्रत्येक खिसा चालत नाही. शर्टाचा वरचा खिसा वाकल्यावर तोंड खाली करतो. ट्रॅक पँटचा बाजूचा खिसा त्याहून फसवा. मिनिटाला ८० पेडल मारणाऱ्याची एक मांडी तासात ४,८०० वेळा वर येते, आणि दर वेळी मोबाइल किंचित वर सरकतो. शिवाय माणूस पडतो तो बहुधा कुशीवर, कंबरेच्या हाडावर आणि खांद्यावर. म्हणजे मोबाइल नेमका मार लागणाऱ्या जागी. दंडाला बांधायचा पट्टा व्यायामशाळेत ठीक. हँडल धरलेल्या हातावर तो एकतर घसरतो किंवा आवळून मुंग्या आणतो.

सायकलच्या जर्सीला मागे तीन खिसे असतात. मधला थेट मणक्यावर येतो. पाठीवर पडलात तर एक कडक, सपाट पाटी मणका आणि रस्ता यांच्या मध्ये येईल; म्हणून मधल्या खिशात मोबाइल नको, तिथे केळे किंवा पातळ जाकीट ठेवावे. मोबाइल डाव्या किंवा उजव्या खिशात, कंबरेच्या स्नायूवर, पडदा अंगाच्या बाजूला करून ठेवावा. त्या खिशात दुसरे काही नसावे. चावी, पाना, टायर लिव्हर या वस्तू सीटखालच्या पिशवीत. जर्सी न घालणाऱ्यांनी आणि खिसा नसलेला कुर्ता घालून सायकल चालवणाऱ्या महिलांनी धावपटूंचा लवचीक कमरपट्टा घ्यावा आणि त्याचा कप्पा मागे, मणक्याच्या एका बाजूला फिरवावा.

अंगावर ठेवण्याची किंमत म्हणजे घाम. तो साधे पाणी नसून खारे पाणी आहे, आणि चार्जिंगच्या तोंडाशी वाळलेले मीठ धातू खाते. मोबाइलवर लिहिलेले आयपी ६७ किंवा ६८ हे मानांकन प्रयोगशाळेतल्या साध्या पाण्यावर मिळालेले असते. मोबाइल जुना झाला, एकदा आदळला, की त्यावर भिस्त ठेवू नये. उपाय स्वस्त आहे: जाड प्लास्टिकची, झिपची पिशवी, आतली हवा दाबून काढलेली. घरी आल्यावर मात्र मोबाइल लगेच बाहेर काढावा, नाहीतर आत दमटपणा धरतो. पावसाळ्यातही हीच पिशवी चालते. भिजलेला मोबाइल तांदळात पुरू नये, कण तोंडात अडकतात. पुसून, तोंड खाली करून हवेवर ठेवावा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

होल्डरला कधीच जागा नाही, असे मी म्हणत नाही. अनोळखी मार्गाची २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळेच्या मर्यादेत करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत पुरी करायची असेल तर नकाशा समोर लागतो. तेव्हा माउंट हँडलच्या टोकाकडे न लावता मधल्या स्टेमवर लावावा, कारण तिथे हालचाल सर्वांत कमी असते. पकड वळवून कुलूप लागणारी असावी, नुसत्या चुंबकाची नको, आणि वर एक रबरी पट्टा असावा. पडदा बंद ठेवून दिशा आवाजात ऐकणे उत्तम. पैसे खर्च करायची तयारी असेल तर हँडलवर छोटा सायकल कॉम्प्युटर आणि मोबाइल पाठीशी, ही जोडी सर्वांत चांगली.

मोबाइल योग्य खिशात असूनही मदत मिळणार नाही, जर तो घामेजल्या बोटाने उघडला नाही. बोटाचा ठसा ओला असला की कुलूप उघडत नाही, आणि बेशुद्ध माणूस पासवर्ड सांगू शकत नाही. म्हणून पुढच्या राइडआधी चार गोष्टी कराच. कुलूप न उघडता दिसेल अशा तातडीच्या माहितीत रक्तगट आणि घरच्यांचा नंबर भरा. तुमच्या मोबाइलवर पॉवर बटण किती वेळा दाबले की तातडीचा कॉल लागतो, तीन की पाच, ते सेटिंगमध्ये जाऊन पाहून ठेवा. निघताना घरच्या एकाला व्हॉट्सॲपवर एक तासाचे, लांब जायचे असेल तर आठ तासांचे, लाइव्ह लोकेशन पाठवा. आणि झिपच्या त्याच पिशवीत नाव, रक्तगट, नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, कारण बॅटरी संपली तरी ती वाचता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. ११२ ला लावलेला कॉल तुमच्या सिमला रेंज नसतानाही, त्या जागी दुसऱ्या कुठल्या कंपनीची रेंज असेल तर तिच्यावरून लागतो.