किडब्रुक : सर्वांसाठी एकच शाळा

वयाच्या अकराव्या वर्षी दिलेल्या एका परीक्षेने मुलाच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवावी काय, या प्रश्नावर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये मोठे रण माजले. १९४४ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत झाले. मात्र ‘इलेव्हन प्लस’ परीक्षेत यशस्वी ठरणारी मोजकी मुले ग्रामर स्कूलमध्ये आणि उरलेली बहुसंख्य मुले सेकंडरी मॉडर्न शाळेत, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी रूढ झाली. ग्रामर स्कूलची वाट विद्यापीठाकडे जात असे. दुसऱ्या वाटेने गेलेली मुले बहुधा लवकर नोकरीला लागत.

या विभागणीला पर्याय म्हणून ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ शाळेची कल्पना पुढे आली. परिसरातील सर्व मुलांना, गुणवत्तेची चाळणी न लावता, एकाच शाळेत प्रवेश द्यायचा, हे तिचे मूळ तत्त्व. लंडन काउंटी कौन्सिलने १९४७ च्या शालेय आराखड्यात ही कल्पना स्वीकारली आणि तिचे पहिले मोठे मूर्त रूप म्हणजे आग्नेय लंडनच्या ग्रीनिच भागातील किडब्रुक शाळा. खास कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणून बांधलेली लंडनमधील ही पहिली शाळा १९५४ मध्ये सुरू झाली. ती केवळ मुलींसाठी होती आणि सुमारे दोन हजार विद्यार्थिनींची सोय तिच्यात होती. पहिल्या मुख्याध्यापिका मेरी ग्रीन यांच्याकडे एवढ्या विशाल शाळेची घडी बसविण्याचे काम आले.

प्रारंभालाच वादाने गाठले. परिसरातील इतर शाळांबरोबर एल्टम हिल ही मुलींची ग्रामर स्कूलही किडब्रुकमध्ये विलीन करावी, अशी कौन्सिलची योजना होती. पालकांनी त्यास कडाडून विरोध केला. शाळा बंद करण्यास शिक्षणमंत्र्यांची अनुमती आवश्यक असे आणि हुजूर पक्षाच्या मंत्री फ्लॉरेन्स हॉर्सब्रो यांनी ती नाकारली. परिणामी किडब्रुकचे दरवाजे सर्वांना खुले असले, तरी परीक्षेत वर आलेल्या अनेक मुलींना शेजारीच दुसरा पर्याय उपलब्ध राहिला. सर्वांची शाळा म्हणविणाऱ्या संस्थेत खरोखरच ‘सर्व’ येतात काय, हा प्रश्न तेथूनच तिच्या मागे लागला. हुशार मुली निवडून नेणारी शाळा बाजूलाच असेल, तर उरलेली शाळा पूर्णार्थाने सर्वसमावेशक कशी ठरणार, हा समर्थकांचा आक्षेप होता. चांगल्या चाललेल्या संस्थेचा बळी का द्यावा, असा पालकांचा सवाल होता.

पुढे वारे बदलले. १९६५ मध्ये मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी ‘१०/६५’ या क्रमांकाचे प्रसिद्ध परिपत्रक काढून स्थानिक प्रशासनांना कॉम्प्रिहेन्सिव्ह पद्धतीकडे वळण्याची विनंती केली. १९७० च्या दशकात देशातील बहुसंख्य मुले अशा शाळांतून शिकू लागली. ज्या एल्टम हिलवरून वाद पेटला होता, तीही कालांतराने कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली. मुलींची शाळा ही ओळख तिने राखली. किडब्रुकमध्ये मात्र पुढे मुलांनाही प्रवेश मिळू लागला. निवड करणाऱ्या शाळा पूर्णतः नाहीशा झालेल्या नाहीत. इंग्लंडमध्ये आजही १६३ सरकारी ग्रामर स्कूल आहेत. नव्या काढण्यास मात्र १९९८ च्या कायद्याने बंदी आहे.

किडब्रुकचे नाव घराघरांत पोहोचले ते २००५ मध्ये, आणि तेही भोजनगृहामुळे. ख्यातनाम बल्लवाचार्य जेमी ऑलिव्हर यांनी चॅनल फोरवरील मालिकेसाठी याच शाळेचे स्वयंपाकघर निवडले. एका मुलाच्या जेवणाच्या सामग्रीवर जेमतेम ३७ पेन्स खर्च होतात, हे प्रेक्षकांना तेव्हा कळले. तळलेले, कारखान्यातून तयार होऊन आलेले पदार्थ बंद करून ताजे अन्न देण्याचा प्रयोग मुलांना प्रथम रुचला नाही. स्वयंपाकघराच्या प्रमुख नोरा सँड्स यांच्यावर कामाचा मोठा ताण आला. मात्र मालिकेने जनमत ढवळून निघाले. दोन लाख सत्तर हजारांहून अधिक स्वाक्षऱ्यांचे निवेदन पंतप्रधानांच्या निवासस्थानी पोहोचले, सरकारने २८ कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली आणि २००६ पासून शालेय भोजनाचे नवे निकष लागू झाले. ग्रीनिचच्या प्राथमिक शाळांतील निकालांची शेजारच्या भागांशी तुलना करणाऱ्या मिशेल बेलो व जोनाथन जेम्स या अर्थतज्ज्ञांना इंग्रजी व विज्ञानाच्या गुणांत सुधारणा आणि गैरहजेरीत घट आढळली.

प्रसिद्धीने शाळेचे सारे प्रश्न मात्र सुटले नाहीत. २०११ मध्ये तिचे ‘कोरेली कॉलेज’ या नावाने अकादमीत रूपांतर झाले. ही व्यवस्था स्थानिक प्रशासनाच्या नियंत्रणाबाहेरची, थेट केंद्र सरकारच्या निधीवर चालणारी. २०१८ मध्ये ती ‘ले अकादमीज ट्रस्ट’कडे गेली आणि खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांच्या स्मरणार्थ ‘हॅली अकादमी’ झाली. ज्या लोकनियुक्त कौन्सिलच्या स्वप्नातून ती उभी राहिली, ती व्यवस्थाच आता तिच्यावरून दूर झाली आहे. अकरा वर्षांच्या मुलांना परीक्षेविना प्रवेश देण्याचे १९५४ चे तत्त्व मात्र तिच्या दारावर टिकून आहे.